पैलवानीण मावशींचा सिनेमा

पडद्यावर मारामारी सुरू झाली, की पैलवानीण मावशी पडद्याकडे पाठ करून बसायच्या. आणि पाहायच्या मात्र मारामारीचेच सिनेमे. देवादिकांचा सिनेमा आला की म्हणायच्या, "देव घरी बी हाय देव्हाऱ्यात. त्येला बगाया तंबूत कशाला जायचं?" सासूसुनांच्या रडक्या सिनेमाला शेजारणींनी कितीही ओढलं तरी त्या उंबरा ओलांडत नसत. पण बाजारतळावर लागलेल्या सिनेमाच्या तंबूच्या कर्ण्यातून 'जबरदस्त फायटिंग' हे शब्द ऐकू आले, की भाकऱ्या लवकर उरकून, बसायला पोतं काखेत मारून, शेंगांचं फडकं कमरेला खोचून मावशी तयार. मग ऐन वेळी, नायकाने बाह्या सरसावल्या आणि पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या, की त्या पोत्यावरच गर्रकन फिरायच्या आणि शेंगा सोलत मागच्या बायकांची तोंडं बघत बसायच्या. ढिशुम ढिशुम थांबलं, की मला कोपरानं ढोसून विचारायच्या, "कोन पडलं? त्येला उचलाया कोन ग्येलं?" माझं उत्तर मिळालं की पुन्हा पडद्याकडे तोंड. "हां. आता खरा शिनेमा."

मिरजगावच्या प्राथमिक शाळेत मला नेमणूक मिळाली, ती बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडी आधी. मी मूळची नगरची. वडील कचेरीत कारकून होते, आणि आमच्या घरात सिनेमा म्हणजे वर्षातून एकदा, तोही 'सोज्ज्वळ आहे' अशी वडिलांनी चार जणांकडून खात्री करून घेतल्यावर. एकट्या तरुण मुलीला परगावी राहायला जागा हवी, म्हणून हेडमास्तरांनी मला सोपान पैलवानांच्या घरातली रस्त्याकडची खोली मिळवून दिली. घरात दोघंच नवरा-बायको. एकुलती लेक करमाळ्याकडे दिलेली. गाव घरधनिणीला 'पैलवानीण' म्हणे, मी 'पैलवानीण मावशी' म्हणू लागले, आणि त्या मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत. वयाने मी त्यांच्या लेकीएवढी. पण शाळेत शिकवणारी म्हणून त्यांनी 'तुमी' कधी सोडलं नाही.

तंबूतल्या पहिल्या सिनेमाला मी गेले ती भिडेखातर. मावशींना सोबत हवी होती. पैलवान येत नसत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माजं मारामारी बगून झालंय. तुमी जावा." पण आम्ही निघालो, की ते न सांगता कंदिलाची काच पुसून, वात नीट करून कंदील आमच्या हाती देत, आणि पहिला खेळ सुटायच्या सुमाराला वेशीपर्यंत येऊन उभे राहत.

येताना वाटेवर मावशी सिनेमाचा न्याय करत. माझ्या मते त्या सिनेमांत न्याय करण्यासारखं काही नसे. एक चांगला, एक वाईट, मध्ये एक मुलगी आणि शेवटी पोलीस. मी तसं म्हणाले, तेव्हा मावशी वाटेतच थांबल्या. "बाई, त्यो वाईट मानूस इतका रागावला कशापायी, ते बगितलं का तुमी? परक्या मान्साचा राग दोन दिस टिकतो. असा जलमभर पुरनारा राग आपल्याच मान्साचा येतो." त्या दिवशीच्या सिनेमात खलनायक नायकाच्या बापाच्या घरी वाढलेला होता, हे मी पाहूनही विसरले होते. मावशी विसरल्या नव्हत्या. बापाने एकाला घोडा दिला आणि दुसऱ्याला लगाम धरायला लावला, तो पहिल्या पाच मिनिटांतला प्रसंग त्यांनी मनात धरून ठेवला होता आणि पुढच्या सगळ्या गोळीबाराचा हिशेब त्या तिथे नेऊन लावत होत्या.

खलनायकाचा उजवा हात, म्हणजे त्याच्या मागे उभा राहणारा तो अबोल माणूस, त्याच्यावर मावशींचा सगळा जीव जडलेला असे. नायकावर त्यांचं फार लक्ष नव्हतं. "त्येला बगाया सारा तंबू हाय," असं त्या म्हणत. पण हा मागचा माणूस मालकासाठी गोळी अंगावर घेतो आणि मालक त्याच्याकडे वळूनही न पाहता पळतो, हे आलं की त्या कासावीस होत. "इमानाला काय तोटा न्हाई बगा त्येच्या. निस्तं दार चुकलं. ह्योच हिरोच्या दारात जलमला असता तर हिरोचा भाऊ ठरला असता." एका सिनेमात हा माणूस जगणार, अशी त्यांनी आधीच माझ्याशी पैज मारली होती. 'येवढं त्येचं मन वळल्यावर कसा मारतील?' असा त्यांचा सवाल होता. तो मेलाच, आणि तोही धबधब्यात पडून. दुसऱ्या दिवशी घरात कालवण झालं नाही. पैलवानांनी चटणी-भाकरी खाता खाता मला हळूच विचारलं, "काल तंबूत कोन वारलं?"

सोपान पैलवानांना गावात सगळे तात्या म्हणत. कान मोडलेले, मान आखूड, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागत असा देह. आणि आवाज इतका खाली, की म्हशीशी बोलतात की स्वतःशी, ते कळत नसे. एवढा मोठा माणूस रस्त्याच्या कडेकडेने चालायचा. बसस्टँडाच्या बाजूला तर ते जातच नसत. नगरला जायचं झालं तरी पुढच्या फाट्यापर्यंत चालत जाऊन तिथे हात करून गाडी थांबवत. मला याचं कोडं वाटे. मग एकदा दुपारी दाण्याला चाळण लावताना मावशींनी ते सांगितलं.

बसस्टँडासमोर भिवा पैलवानाचं सायकलींचं दुकान होतं. भिवा आणि सोपान एका तालमीतले, एका वस्तादाच्या हाताखाली वाढलेले. एकाच्या अंगाला दुसरा तेल लावायचा. ऐन उमेदीत असताना एका यात्रेत शेवटच्या कुस्तीचा बाहेरगावचा पैलवान आलाच नाही. लोक तर जमलेले. पंचांनी या दोघांनाच आखाड्यात उतरवलं. एका तालमीतले कधी एकमेकांशी यात्रेत लढत नाहीत, पण नाही म्हणता येईना. दोघांनी हात मिळवताना बरोबरीत सोडवायची असं ठरवलं. कुस्ती रंगली. आणि रंगाच्या भरात तात्यांनी एक डाव असा टाकला, की भिवाचा पाय त्याच्याच अंगाखाली मुडपला आणि गुडघा गेला. हाड मोडल्याचा आवाज पार कडेच्या लोकांनी ऐकला म्हणतात.

"लोकं सांगत्यात तसं सांगते," मावशी म्हणाल्या. "भिवा भावजींचं लगीन ठरलं हुतं, ते मोडलं. पाय वाकडाच जुळला. त्येंच्या मनात येकच बसलंय, का सोपानानं शबूद मोडला अन लोकांच्या खांद्यावर बसून ग्येला. हे त्येंच्या घरी ग्येले हुते. त्येंच्या आयनं दार लावून घ्येतलं. तवापासनं ह्यांनी लंगोट खुटीला लावला, त्यो लावलाच."

"तात्यांनी समजावून सांगितलं नाही कधी?"

"ह्यांला बोलता आलं असतं तर पैलवान कशाला झाले असते?" मावशी म्हणाल्या. मग त्यांनी चाळण बाजूला ठेवली. "कुस्ती झाली का घरी ह्यांचं अंग मीच शेकायची. कुटं काळंनिळं, कुटं सुजलेलं. मार कसा बसतो ते पडद्यावर काय बगायचं, बाई? त्यो सोंगाचा. त्येच्या आधी काय झालं अन मागनं काय झालं, ते बगाया मिळावं म्हनून जाते मी."

मग दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, शाळेत पोरांना सुकडी मिळू लागली आणि अर्धं गाव सरकारी दुष्काळी कामावर, माळावर खडी फोडायला जाऊ लागलं. मोठमोठे बागाईतदारही हातोडी घेऊन बसलेले मी पाहिले. तात्या आणि मावशीही जात. वाटलं होतं, यंदा तंबू यायचा नाही. पण आठवड्याचा पगार हाती पडणाऱ्या लोकांच्या मागे तंबूवाले आले, आणि दिवसभर ऊन खाल्लेली माणसं संध्याकाळी पडद्यासमोर येऊन बसू लागली.

त्या हंगामातला एक सिनेमा मला नीट आठवतो. एक ट्रक ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर. दोघांचा सख्ख्या भावांसारखा जीव. एकदा धाब्यावर, सगळ्यांसमोर, ड्रायव्हर रागाच्या भरात त्याच्या मुस्काटात मारतो. क्लीनर हसतो, गाल चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी निघून जाऊन दरोडेखोरांना मिळतो. मग पुढे मारामाऱ्या, पाठलाग, ट्रकवरून ट्रकवर उड्या, सगळं यथास्थित. शेवटी क्लीनर गोळी लागून पडतो आणि ड्रायव्हर त्याचं डोकं मांडीवर घेऊन, 'तुला मारलं तेव्हापासून माझा हात जळतोय' असं सांगतो. बायकांच्या बाजूला सगळ्या पदर डोळ्यांना लावून होत्या. मावशी मात्र संतापल्या होत्या.

"आता सांगून काय उपेग?" त्या वाटेवर म्हणाल्या. "मारलं चारचौघांत, अन चुकलं म्हनतोय आडरानात, मराया टेकल्याव. ज्या धाब्याव मारलं, त्याच धाब्याव दुसऱ्या दिशी सांगितलं असतं, तर शिनेमा तितंच संपला असता."

"पण मग सिनेमा झालाच नसता, मावशी," मी म्हणाले.

"नसता झाला तर नसता," त्या म्हणाल्या. "दोगं गाडी चालवत गेले असते."

वेशीत तात्या उभे होते. त्यांच्याकडे पाहून मावशी बोलायच्या थांबल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आडावरचा प्रसंग घडला. टँकर यायचा आणि गावच्या आडात पाणी सोडून जायचा. मग शेंदायला झुंबड. रांगेत आधी भांडी लावून ठेवायची रीत होती. त्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची, म्हणून मीही बादली घेऊन मावशींबरोबर उभी होते. तात्या कावड घेऊन पुरुषांच्या बाजूला. बऱ्याच पुढे भिवा पैलवान आपला हंडा घेऊन उभे होते. दोघंही एकमेकांना न दिसल्यासारखे उभे राहत. गावालाही त्याची सवय झाली होती.

टँकर गेला आणि गलका झाला. वरच्या आळीतला एक दांडगा तरुण मध्ये घुसला आणि भिवा पैलवानांचा हंडा पायाने बाजूला लोटून त्याने स्वतःचा पोहरा आडात सोडला. भिवा पैलवानांनी त्याची गचांडी धरली. हातात अजून जोर होता, पण पाय आधार देईना. पोराने हिसडा दिला, तसे ते दगडांवर आडवे झाले. पोराच्या हातात कावडीचा दांडा आला. तो वर गेला आणि खाली आला, तो तात्यांच्या पाठीवर. तात्या कधी आले ते कुणाला कळलंच नाही. भिवा पैलवानांवर ओणवे होऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते उभे होते. दांडा पुन्हा एकदा पाठीत बसला. तात्यांनी हात उचलला नाही. नुसती मान वळवून त्यांनी पोराकडे पाहिलं. पोराच्या हातातून दांडा गळाला.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली नव्हती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या टक लावून पाहत होत्या.

तात्यांनी भिवा पैलवानांना उठवायला हात पुढे केला. भिवा पैलवानांनी तो झटकला. "तुजा हात नगं मला," ते म्हणाले. "बसला आसशील लोकांच्या खांद्याव. माज्यापाशी नगं येऊ."

तात्यांचा हात तसाच राहिला. आणि तेव्हा मावशी हंडा खाली ठेवून पुढे गेल्या. चारचौघांत नवऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी बाई. आडाच्या कडेला उभं राहून त्या बोलल्या, आणि आवाज चढवावा लागला नाही, इतकं सगळं शांत होतं.

"भिवा भावजी, येवढं ऐका अन मग जावा. त्या कुस्तीच्या दिशी आखाड्याच्या वरल्या अंगाला बायांच्या गाड्या सोडल्या हुत्या. मी गाडीत हुते. तुमी पडला, लोकांनी ह्यांला खांद्याव घ्येतलं. समद्यांनी ह्यांच्या फेट्याकडं बगितलं. मी ह्यांच्या पायांकडं बगितलं. हे उतराया बगत हुते. पाय झाडत हुते. येकाच्या तोंडाव लाथ बसली ह्यांची, तरी त्येंनी सोडलं न्हाई. ह्यांला तुमच्याकडं यायचं हुतं. पार वेशीपातुर हे मागं बगत ग्येले. तुमाला पाडलं ते समद्या गावाम्होरं. म्हनून हे बी गावाम्होरंच सांगायचं हुतं. सांगितलं. आता तुमी काय ते बगा."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तात्या तर बायकोकडे असे पाहत राहिले होते, जणू ती परक्या मुलखातली बाई आहे. ती बोलली याचंच त्यांना नवल वाटलं असणार, असं मी समजले.

भिवा पैलवान आडाच्या कठड्याला धरून उठले. मावशींकडे बराच वेळ पाहत राहिले. लंगडत, हंडा तिथेच टाकून निघून गेले.

तो हंडा तात्यांनी शेंदून भरला आणि दिवस मावळताना बसस्टँडावर जाऊन दुकानाच्या फळीशी ठेवला. कितीतरी वर्षांनी ते त्या बाजूला गेले होते. दुसऱ्या दिवशी हंडा रिकामा होऊन फळीबाहेर उभा होता. तात्यांनी तो पुन्हा भरून नेला. असं काही दिवस चाललं. कुणी कुणाशी बोललं नाही. मावशी रोज संध्याकाळी विचारत, "हंडा घरात घ्येतला हुता का?" आणि तात्या नुसती मान हलवत. मला वाटे, सिनेमात आतापर्यंत गाणं होऊन सगळे मिठ्या मारत असते. मी तसं बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाल्या, "तितं तीन तासांत आटपायचं असतं, बाई. हितं काय घाई हाय?"

मग एका संध्याकाळी भिवा पैलवान स्वतःच आले. रिकामा हंडा हातात. दारात उभे राहून त्यांनी म्हशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोपाना, म्हस डावा पाय धरती का रं?"

"दोन रोज झालं," तात्या म्हणाले.

"खुरात खडा आसंल. आन हिकडं कंदील."

दोघं म्हशीच्या पायाशी बसले. एकाने पाय धरला, दुसऱ्याने खुरातून खडीचा कपरा काढला. मावशींनी आत चुलीवर बिनदुधाचा, गुळाचा चहा ठेवला. मग त्या दाराआडून दोघांकडे बघत उभ्या राहिल्या, म्हणून कपबशा मी बाहेर नेल्या. त्या रात्री भिवा पैलवान तिथेच जेवले. बोलणं झालं ते म्हशीचं, चाऱ्याचं, आणि वस्तादांच्या एका खोडीचं. जुन्या कुस्तीचा शब्दही निघाला नाही.

पुढच्या वेळी तंबूत आम्ही चौघं गेलो. तात्या आयुष्यात पहिल्यांदा तंबूत शिरले. मारामारी सुरू झाल्यावर पुरुषांच्या बाजूने दोन घोगरे आवाज साऱ्या तंबूला ऐकू येऊ लागले. "आरं, मानगूट सोडलं की त्येनं." "अन ह्यो बगतोय काय? पट काड की, पट." नायकाने एका ठोशात चौघं लोळवले, तेव्हा भिवा पैलवान मोठ्याने म्हणाले, "ह्येला आपल्या वस्तादानं तालमीच्या पायरीवरनं हाकलला असता." लोक सिनेमा सोडून त्या दोघांनाच ऐकायला लागले. तंबूवाल्याने येऊन हात जोडले. मावशी इकडे पडद्याकडे पाठ करून, तोंडात पदर कोंबून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी लागलं आणि कोन पडलं, हे विचारायचंही त्या विसरल्या.

पाऊसपाणी बरं झालं आणि पुढे माझं लग्न ठरलं. यजमान कोल्हारला हायस्कुलात होते, म्हणून मीही बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी मावशींनी ओटी भरली. मला वाटलं, संसाराबद्दल काही सांगतील. त्या म्हणाल्या, "भांडान झालं का कोन जितलं ते धरून बसू नगा. जितल्यालं मानूस लई येकटं असतं. त्येला बी कुनीतरी खांद्यावरनं खाली उतरवावं लागतं." बसस्टँडावर मला पोचवायला तात्या आणि भिवा पैलवान दोघं आले होते. माझी ट्रंक टपावर कुणी चढवायची यावरून त्यांची तिथे जुंपली आणि शेवटी ती कंडक्टरने चढवली.

पुढची सगळी वर्षं मी शाळेत काढली. मधल्या सुट्टीत पोरं मारामारी करून माझ्यासमोर येत. आधी कुणी मारलं, हे विचारायची सगळ्या शिक्षकांची रीत. मी विचारायची, "कालपर्यंत तुम्ही डबा कुणाबरोबर खात होता?" बहुतेक वेळा दोघंही खाली बघत, कारण ते एकमेकांबरोबरच खात असत. मग उरलेलं काम सोपं होई. हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले, असं एका साहेबांनी विचारलं होतं. मिरजगावच्या तंबूत, असं सांगितलं तर त्यांना थट्टा वाटली.

मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं. नगरच्या एका बैठकीत मिरजगावची शिक्षिका भेटली, तिने बोलता बोलता सांगितलं. थंडीतापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेल्या. त्याच रविवारी मी गाडी पकडली.

अंगणात बाजेवर दोघं म्हातारे बसले होते. भिवा पैलवान दुकान मोडून इथेच राहायला आले होते. लेक तात्यांना करमाळ्याला घेऊन जायला आली होती, पण ते गेले नाहीत. "ह्येला भाकरी कोन घालील?" असं म्हणाले. प्रत्यक्षात भाकऱ्या भिवा पैलवानच थापत होते. मला पाहून ते उठले आणि चुलीवर आधण ठेवलं. तात्या फार वाळले होते. मावशींबद्दल थोडं बोलणं झालं. जाताना त्यांना त्रास झाला नाही, हे तात्यांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हणाले, "त्या दिवशी आडावर मावशी बोलल्या नसत्या, तर तुम्ही दोघं आज असे बसला नसता. त्यांनी गाडीतून ते पाहिलं, हे केवढं बरं झालं."

भिवा पैलवान चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "बाई, वैनी त्या दिशी गाडीत न्हवत्याच."

मी तात्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"म्हायेरी हुत्या," भिवा पैलवान म्हणाले. "बाळंतपनाला. मी पाय बांधून पडलो हुतो, तवाच खबर आली हुती, सोपानाला मुलगी झाली म्हनून. ते मी कसा इसरन?"

"म्हणजे आडावर ऐकतानाच तुम्हाला माहीत होतं?"

"तितंच कळलं हुतं."

"मग आलात कसे?"

त्यांनी लाकूड आत सारलं. "धा-बारा रोज इचार केला. वाटलं, नवऱ्यापायी खोटं बोलली. मग म्हनलं, निस्तं नवऱ्यापायी बोलायचं तर, 'चूक तुमचीच हाय' असं म्हनली असती. तिनं दोगांचा बी मान राखला. जी बाई कवा चारचौघांत बोलली न्हाई, ती आमच्या दोगांपायी येवढ्या लोकांत उबी ऱ्हायली. खोटं का आसंना. मग म्हनलं, जावं."

मावशींनी पाहिलेले त्या वर्षांतले सगळे सिनेमे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले होते. त्यातल्या एकातही असा प्रसंग नव्हता.

भिवा पैलवानांनी मान वर केली आणि तात्यांना विचारलं, "काय रं, तूच सांगितलं हुतं का तिला?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "म्या कुनालाच काय सांगितलं न्हवतं."

"मग खरं काय ते सांग की आता. उतरत हुतास का?"

इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं. तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"उतरत हुतो," ते म्हणाले. "वेशीपातुर मागं बगत हुतो. लाथ तेवढी कुनाला मारली न्हवती. ती तिनं पदरची घातली."

चहा उतू गेला, तरी भिवा पैलवानांचं तिकडे लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने ते उठले, लंगडत बाजेपाशी आले आणि तात्यांच्या शेजारी, अंगाला अंग लावून बसले. मग मीच आत गेले आणि चहा गाळून तिघांना घेऊन आले.